पेन विद्यार्थ्याच्या हातात राहिलं पाहिजे: विद्यापीठाच्या गणित मदत केंद्राबद्दल

पदवीला माझा विषय वनस्पतिशास्त्र होता. पदव्युत्तर अभ्यासाला पर्यावरणशास्त्र घेतलं आणि पहिल्याच सत्रात तलावातलं प्रदूषण, जमिनीत झिरपणारं पाणी, प्राण्यांच्या संख्येतली चढउतार हे सगळं समीकरणांत मांडलेलं समोर आलं. वर्गातली इंजिनिअरिंगकडून आलेली मुलं निवांत होती. आम्ही जीवशास्त्राकडून आलेले मात्र दुसऱ्या लेक्चरपासूनच मागे पडायला लागलो. तेव्हापासून मी विद्यापीठाचं गणित मदत केंद्र नियमित वापरते आहे. नवीन आलेली मुलं विचारतात, तिथे जाऊन खरंच फायदा होतो का? म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. आणि केंद्र चालवणाऱ्यांनीही वाचावं अशी इच्छा आहे, कारण केंद्राचं काम मला मनापासून आवडतं, पण ते काम मोजायची त्यांची पद्धत मला अजिबात पटत नाही.

सेवा अशी आहे. ग्रंथालयाच्या तळमजल्यावर एक मोठी खोली. चार-पाच जण बसतील अशी टेबलं, दोन भिंतींवर पांढरे फळे, दाराजवळ विषयवार पत्रकांचं कपाट. बीजगणितासाठी वेळ ठरवून यावं लागत नाही. टेबलाशी बसून आपला अभ्यास करायचा, अडलं की समोरचं लाल कार्ड उभं करायचं, ट्यूटर येतात. ट्यूटरांमध्ये काही जण पूर्णवेळ नेमलेले अनुभवी शिक्षक आहेत, बाकीचे गणितात पीएचडी करणारे विद्यार्थी. संख्याशास्त्राच्या मदतीसाठी आधी वेळ घ्यावी लागते. ऑनलाइन सत्रंही असतात. कशाचेही पैसे लागत नाहीत. आणि एक नियम दारावरच लिहिलेला आहे: ज्या असाइनमेंटला गुण आहेत ती इथे सोडवून मिळणार नाही. त्याच धर्तीचं दुसरं उदाहरण घेतील, ते तुमच्याबरोबर सोडवतील, मग तुमचं तुम्ही करायचं.

हा नियम ऐकून पहिल्या वर्षाची बरीच मुलं तोंड वाकडं करून परत जातात. मला मात्र या सेवेतली सगळ्यात चांगली गोष्ट हीच वाटते.

का, ते एका दुपारच्या गोष्टीवरून सांगते. आम्हाला तलावाचं मॉडेल दिलं होतं. तलावात ठरावीक वेगाने दूषित पाणी येतं, तेवढंच बाहेर जातं, आणि आत असलेल्या प्रदूषकाचं काही प्रमाणात आपोआप विघटन होतं. तर तलावातलं प्रमाण काळाबरोबर कसं बदलेल? लेक्चरमध्ये समीकरण सोडवून दाखवलेलं होतं, वहीत ओळ न् ओळ उतरवलेलं होतं. तरीही आकडे बदलून दिलेलं उदाहरण हाती आलं की सुरुवात कुठून करायची ते सुचत नव्हतं. मी कार्ड उभं केलं. आलेल्या ट्यूटर मॅडम वयाने मोठ्या होत्या. त्या शेजारच्या खुर्चीत बसल्या आणि माझी वही माझ्याकडेच राहू दिली.

पहिला प्रश्न आला, "यातल्या प्रत्येक पदाचं एकक काय आहे? शेजारी लिही." मी लिहायला लागले. पाणी येण्याचा वेग घनमीटर दर दिवशी, प्रदूषकाचं प्रमाण ग्रॅम दर घनमीटर, गुणाकार ग्रॅम दर दिवशी. विघटनाचा दर एक भागिले दिवस, तलावाचं घनफळ घनमीटर, प्रमाण ग्रॅम दर घनमीटर. पुन्हा ग्रॅम दर दिवशी. डावीकडचं पद, म्हणजे तलावातल्या प्रदूषकात रोज होणारा बदल, तेही तेच. म्हणजे ते भीतिदायक समीकरण रोज किती ग्रॅम आले, किती वाहून गेले, किती नष्ट झाले, याचा नुसता हिशेब मांडत होतं. हे मला कुणी सांगितलं नाही, मी लिहिता लिहिता माझ्या डोळ्यांसमोर आलं.

मग त्यांनी विचारलं, "खूप दिवस वाट पाहिली तर काय होईल?" प्रमाण बदलायचं थांबेल, म्हणजे बदलाचा वेग शून्य. शून्य ठेवलं आणि अवकल समीकरणाचं (बदलाचा वेग असलेल्या समीकरणाचं) साधं बीजगणित झालं. पाणी तलावात सरासरी १० दिवस राहतं आणि विघटनाचा दर दिवसाला ०.१ आहे असं धरलं तर येणाऱ्या प्रमाणाच्या बरोबर निम्मं प्रमाण तलावात टिकतं. येणारं पाणी लिटरमागे २० मिलिग्रॅमचं असेल तर तलावात १०. "आता विघटन शून्य कर." प्रमाण येणाऱ्या पाण्याइतकंच होतं. "आता विघटन प्रचंड वाढव." प्रमाण शून्याकडे जातं. दोन्ही उत्तरं मनाला पटतात, म्हणजे सूत्र ठीक आहे. एवढं झाल्यावरच आम्ही काळाकडे वळलो आणि तिथे दोन्ही दर एकत्र येतात हे दिसलं: ०.१ पाणी वाहून जाण्याचा, ०.१ विघटनाचा, मिळून ०.२. म्हणजे दर ५ दिवसांनी स्थिर पातळीपासूनचं अंतर सुमारे ३७ टक्के उरतं आणि १५ दिवसांत तलाव जवळजवळ ९५ टक्के वाट चालून गेलेला असतो.

तेवढ्या वेळात मॅडमनी एकदाही पेन हातात घेतलं नाही. उठताना म्हणाल्या, "दोन तलाव एकामागोमाग असतील तर काय होईल, ते घरी मांडून बघ. सोडवू नकोस, नुसतं मांड." मी घरी मांडलं. पहिल्या तलावातून बाहेर जाणारं ते दुसऱ्यात येणारं, बस. पुढच्या आठवड्यात वर्गात नेमकं तेच आलं आणि माझी वही उघडी असताना शेजारची मुलगी माझ्याकडे बघत होती.

एककं तपासायची, टोकाच्या किमती घालून बघायच्या, वाट पाहिली तर काय होईल ते विचारायचं. या तीन सवयी मला तिथे लागल्या आणि आता कुठलंही मॉडेल समोर आलं की हात आपोआप तिकडे वळतो. माझ्या लेखी मदत केंद्राने द्यायचं ते हेच. हातातलं एक उदाहरण सुटलं की नाही याला मी फारसं महत्त्व देत नाही.

दुसरा प्रसंग माझा नाही, माझ्या टेबलावरचा आहे. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा एक मुलगा मागणी-पुरवठ्याचं गणित घेऊन बसला होता. त्याचं उत्तर पुस्तकाशी जुळत नव्हतं आणि तो वैतागला होता. ट्यूटरने त्याचं काम वाचलं, एका ओळीवर बोट ठेवलं आणि काहीच बोलला नाही. त्या ओळीत १/(क्ष + २) ऐवजी १/क्ष + १/२ झालेलं होतं. "क्षच्या जागी २ घाल," एवढंच तो म्हणाला. मुलाने घातलं. एका बाजूला १/४, दुसऱ्या बाजूला १/२ अधिक १/२, म्हणजे १. मुलगा बराच वेळ त्या दोन आकड्यांकडे बघत राहिला. मग ट्यूटर म्हणाला, "आता हीच गोष्ट या पानावर आणखी कुठे झाली आहे का, तू शोध." मुलाने स्वतः आणखी दोन जागा शोधल्या.

विद्यापीठात येऊन कुणाचे अपूर्णांक कच्चे असतील हे प्राध्यापकांना खरं वाटत नाही, आणि विद्यार्थ्याला ते कुणाला सांगायचं धाडस होत नाही. इंटिग्रेशन येत नाही असं चारचौघांत सांगता येतं, छेद सारखे करता येत नाहीत असं नाही सांगता येत. त्या ट्यूटरने "हे तर शाळेतलं आहे" असं एक अक्षर काढलं नाही. उलट चुकीचा नियम पकडायचं साधन त्या मुलाच्या हाती दिलं: शंका आली की एक साधा आकडा घालून बघायचं. मी त्या दिवशी माझं काम बाजूला ठेवून ते ऐकत होते, आणि मला त्या ट्यूटरबद्दल फार आदर वाटला.

सगळे ट्यूटर असे नाहीत. हे लिहिलंच पाहिजे. परीक्षेच्या आधीच्या गर्दीत एकदा मी मॅट्रिक्सच्या आयगेन व्हॅल्यूचा प्रश्न घेऊन गेले. आलेला ट्यूटर पीएचडीचा विद्यार्थी होता, हुशार होता, स्वभावानेही चांगला. पण त्याने खुर्चीत बसता बसता माझ्या हातातलं पेन घेतलं आणि पाच मिनिटांत पान भरून टाकलं. "समजलं ना?" मी हो म्हटलं, कारण त्या वेळी खरंच समजल्यासारखं वाटत होतं आणि मागे चार कार्डं उभी होती. संध्याकाळी एक चिन्ह बदलून तेच गणित करायला घेतलं तर पहिल्या ओळीपुढे जाता येईना. भरलेलं पान त्याच्या अक्षरातलं होतं, त्यातला एकही निर्णय माझा नव्हता.

यात त्या मुलाला दोष देऊन चालणार नाही. खोलीत पंचवीस जण आणि दोन ट्यूटर असतील तर प्रश्न विचारत बसायला कुणाला फुरसत असते? सांगून टाकणं हा वेळ वाचवायचा मार्ग असतो. शिवाय शिकवायचं कसं याचं प्रशिक्षण त्यांना किती मिळतं, हा प्रश्न आहेच. ज्याला गणित कधी अडलंच नाही, त्याला दुसऱ्याचं कुठे अडलंय ते ऐकून घ्यायला शिकावं लागतं. पूर्णवेळ शिक्षकांच्या शेजारी नव्या ट्यूटरांना काही दिवस नुसतं बसवलं, ऐकायला, तरी खूप फरक पडेल असं मला वाटतं.

आता मोजमापाकडे येते, कारण माझी खरी तक्रार तिथे आहे.

सत्र संपलं की केंद्राच्या दारावर एक पोस्टर लागतं. यंदा किती भेटी झाल्या, गेल्या वर्षापेक्षा किती वाढल्या, आलेल्यांपैकी जवळजवळ सगळे "समाधानी" किंवा "अतिशय समाधानी", आणि केंद्रात आलेले विद्यार्थी न आलेल्यांपेक्षा जास्त प्रमाणात पास झाले. हेच आकडे विद्यापीठाकडे जातात आणि त्यावर पुढच्या वर्षीचे पैसे ठरतात. केंद्र बंद पडू नये असं मला मनापासून वाटतं, म्हणूनच सांगते: या आकड्यांवरून केंद्र चांगलं आहे की वाईट, ते कळत नाही.

शेवटचा आकडा बघा. जे आले ते जास्त पास झाले. पण आलं कोण? स्वतःहून जिना उतरून, वही घेऊन, अनोळखी माणसासमोर "मला येत नाही" म्हणायला तयार झालेला विद्यार्थी. तो लेक्चरही बुडवत नसणार, सरावही करत असणार. केंद्र नसतं तरी त्यातले बरेच पास झाले असते. निवड विद्यार्थ्याने स्वतः केलेली असली की तुलना अशी बिघडते, हे याच केंद्रातले संख्याशास्त्राचे सल्लागार आम्हाला आमच्या प्रयोगांबद्दल बजावून सांगतात. आणि चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना मदत द्यायची, निम्म्यांना दारातून परत पाठवायचं, असा प्रयोग कुणी करणार नाही, करूही नये.

कोण येतं आणि कोण येत नाही, ही अडचण जुनी आहे. ब्रिटनमध्ये कव्हेंट्रीला असं केंद्र १९९१ मध्ये सुरू झालं, लफबरोला १९९६ मध्ये. २००० साली तिथल्या इंजिनिअरिंग कौन्सिलच्या अहवालाने विद्यापीठात येणाऱ्या मुलांचं गणित कच्चं होत चाललंय हे मांडलं आणि दोन गोष्टी सुचवल्या: आल्याबरोबर कुणाचं काय कच्चं आहे ते शोधणारी 'निदान चाचणी' घ्या, आणि ज्यांना गरज दिसेल त्यांना लगेच मदत द्या. आयर्लंडमध्ये लिमरिक विद्यापीठात २००१ पासून केंद्र आहे. २००५ पासून लफबरो आणि कव्हेंट्री यांनी मिळून 'सिग्मा' नावाने हेच काम मोठ्या प्रमाणावर केलं. मदत केंद्रं मुळात निघाली ती नापास होऊ घातलेल्यांसाठी. पण २००८ साली पेल आणि क्रॉफ्ट या संशोधकांनी लफबरोच्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांची आकडेवारी तपासली तेव्हा दिसलं की केंद्र वापरणाऱ्यांत चांगले गुण मिळवणारे, आणखी चांगले गुण हवे असलेले विद्यार्थी पुष्कळ आहेत, आणि नापास होणारे फारसे येतच नाहीत. तिथेच न येणाऱ्यांना कारणं विचारली गेली तेव्हा केंद्र कुठे आहे हे ठाऊक नसणं आणि लाज वाटण्याची भीती अशी उत्तरं आली.

मी आमच्या खोलीत बघते तेव्हा हेच दिसतं. कोपऱ्यातलं टेबल रोज त्याच मुलांनी भरलेलं असतं. ती मेहनती आहेत, एकमेकांना शिकवतात, त्यांच्यामुळे खोलीत बसावंसं वाटतं. एकट्याने खोलीत कुढत बसण्यापेक्षा चार जणांत बसून गणित करणं कितीतरी बरं. हाही केंद्राचा मोठा फायदा आहे आणि तो कुठल्याच तक्त्यात येत नाही. पण वर्गात निदान चाचणीत सगळ्यात कमी गुण पडलेली जी मुलं मला माहीत आहेत, त्यांच्यापैकी इथे मी फार थोडी पाहिली. भेटींचा आकडा ही गोष्ट लपवतो. एकच विद्यार्थी चाळीस वेळा आला किंवा चाळीस विद्यार्थी एकेकदा आले, पोस्टरवर दोन्ही चाळीसच.

समाधानाच्या फॉर्मबद्दल तर काय लिहू? बाहेर पडताना टॅबलेटवर हसरा चेहरा, उदास चेहरा. आयगेन व्हॅल्यूच्या त्या दिवशी मी हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवलं होतं आणि तलावाच्या दिवशी, डोकं शिणलेलं असताना, मधल्या. त्या क्षणी जे सोपं वाटतं ते शिकलेलं असतंच असं नाही. ज्याने माझं काम करून टाकलं त्याला जास्त गुण आणि ज्याने मला विचार करायला लावला त्याला कमी, असं होणार असेल तर ट्यूटर हळूहळू पहिल्याच वाटेला लागतील.

मग मोजायचं काय? माझ्या मते पहिला प्रश्न असा हवा: निदान चाचणीत खालच्या पाव भागात असलेल्यांपैकी किती जण पहिल्या महिन्यात एकदा तरी केंद्रात आले? हा आकडा विद्यापीठाकडे आहे. चाचणीचे गुण आहेत, केंद्रात शिरताना आम्ही ओळखपत्र टेकवतो त्याची नोंद आहे. दोन याद्या शेजारी ठेवायच्या एवढंच. दुसरं, पास-नापासाची तुलना करायचीच असेल तर चाचणीत सारखे गुण असलेल्यांची करा. त्यातूनही मेहनतीचा फरक पूर्ण जाणार नाही, पण आताच्या तुलनेपेक्षा ती शंभरपट प्रामाणिक असेल. तिसरं, बाहेर पडताना विचारण्याऐवजी आठवड्याने विचारा: त्या धर्तीचं पुढचं गणित तुम्हाला स्वतःहून सुरू करता आलं का? हो की नाही. त्याच मेलमध्ये एक छोटं उदाहरण जोडा आणि करून बघायला सांगा. आणि चौथं, जे आले नाहीत त्यांना विचारा. फॉर्म आल्यावरच भरायचा असेल तर न आलेल्याचं म्हणणं कधीच कळणार नाही.

एक गोष्ट मात्र आमच्या केंद्रात उत्तम चालते आणि तिचा उल्लेख पोस्टरवर नसतो याचं आश्चर्य वाटतं. प्रत्येक प्रश्नानंतर ट्यूटर एका नोंदवहीत कोर्स, विषय आणि नेमकं काय अडलं ते एका ओळीत लिहितात. मागच्या सत्रात आमच्या मॉडेलिंगच्या कोर्सची मुलं एकाच जागी अडून केंद्रात यायला लागली: सीमेवरच्या अटी (मॉडेलच्या कडेला काय घडतं ते सांगणाऱ्या) कुठून आल्या? सगळ्यांचा तोच प्रश्न. केंद्राने ते प्राध्यापकांना कळवलं आणि त्यांनी पुढच्या लेक्चरमध्ये तो भाग पुन्हा घेतला, नोट्समध्ये एक आकृती घातली. त्यानंतर तो प्रश्न घेऊन कुणी फारसं आलं नाही. म्हणजे केंद्राचं काम उत्तम झालं आणि भेटींचा आकडा घटला! अर्धा वर्ग एकच प्रश्न घेऊन तळमजल्यावर येत असेल तर दुरुस्ती वरच्या वर्गात व्हायला हवी. हे काम भेटी मोजून कधीच दिसणार नाही.

संख्याशास्त्राच्या सल्ल्याबद्दल थोडक्यात: सल्ला फार चांगला मिळतो, पण लोक फार उशिरा जातात. संख्याशास्त्रज्ञ आर. ए. फिशर यांनी १९३८ साली पहिल्या भारतीय संख्याशास्त्र परिषदेच्या अध्यक्षीय भाषणात म्हटलं होतं की प्रयोग संपल्यावर संख्याशास्त्रज्ञाकडे जाणं म्हणजे बऱ्याचदा त्याला शवविच्छेदन करायला सांगणं. प्रयोग कशाने मेला एवढंच तो सांगू शकेल. प्रबंधासाठी पाण्याचे नमुने गोळा करण्याआधी मी तिथे गेले. सल्लागारांनी विचारलं, "एकाच जागेवरून एकाच दिवशी घेतलेले पाच नमुने तुम्ही पाच धरणार का?" असे नमुने एकमेकांसारखेच असतात, ते पाच वेगळे पुरावे होत नाहीत. त्या एका प्रश्नाने माझं सगळं वेळापत्रक बदललं. कमी बाटल्या जास्त ठिकाणांहून घेतल्या आणि काम हलकं झालं. माझ्या एका वर्गमित्राला हेच नमुने गोळा झाल्यावर कळलं, तेव्हा करण्यासारखं फार थोडं उरलं होतं. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी बाकी काही नाही तरी एवढं एक करावं: तारीख आधीची घ्यावी.

ऑनलाइन सत्रं मला कमी उपयोगी वाटली. संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर दाखवायचं असेल तर स्क्रीन शेअर करणं सोयीचं पडतं. पण बीजगणितात ट्यूटरला तुमचं पेन कुठे थबकलं ते दिसावं लागतं, आणि फोनने काढलेल्या फोटोत ते दिसत नाही. नोकरी करून शिकणाऱ्यांना आणि लांबून येणाऱ्यांना मात्र दुसरा पर्याय नाही, म्हणून ती बंद करू नयेत, संध्याकाळी ठेवावीत. सध्या ती दुपारी असतात, तेव्हा ज्यांना गरज आहे ते कामावर असतात.

सरावासाठी केंद्राच्या पानावर 'स्टॅक' या, गणिताची उत्तरं संगणकावर तपासणाऱ्या प्रणालीतल्या चाचण्या आहेत. त्या जरूर करा. उत्तर वेगळ्या रूपात लिहिलं तरी ती ओळखते, आणि चूक नेहमीच्या प्रकारातली असेल तर नेमकं काय चुकलं असावं ते सांगते. हल्ली बरीच मुलं एआय चॅटबॉटकडून पायऱ्या लिहून घेतात. मीही वापरते, एखादी व्याख्या पुन्हा समजून घ्यायला तो बरा पडतो. पण तो न मागता पूर्ण उत्तर देतो, आणि मग तीच अडचण: अक्षर दुसऱ्याचं, निर्णय दुसऱ्याचे. शेजारी बसून गप्प राहणारा माणूस त्यात मिळत नाही.

जायचं ठरवलं असेल तर पहिल्या तीन-चार आठवड्यांतच जा. तेव्हा खोली निम्मी रिकामी असते आणि ट्यूटर निवांत बसतात. परीक्षेच्या आठवड्यात बसायला जागा मिळत नाही आणि मिळालीच तर पाच मिनिटं मिळतात. जाताना प्रश्न सुवाच्य अक्षरात लिहून नेऊ नका. खाडाखोड केलेलं, अर्धवट सोडलेलं पानच घेऊन जा, कारण ट्यूटरला त्यातूनच सगळं कळतं. आणि कुणी घाईत तुमच्या हातातलं पेन घ्यायला लागलं तर सरळ म्हणा, "मी लिहिते, तुम्ही सांगू नका, विचारा." मी आता म्हणते. आजवर कुणालाही त्याचा राग आलेला नाही.